डावीकडे उघडणारा किल्ट

इन्व्हर्डोरन,
४ सप्टेंबर २००३

हेक्टर,

आशीर्वाद घे आणि पुढचं नीट वाच, कारण मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही. फोन करू नकोस. फोनवर मला नुसता वारा ऐकू येतो आणि मग मी कशालाही हो म्हणते. मागे असंच हो म्हटलं आणि पाद्रीबाईंच्या चहापानाला तीन केक करून द्यावे लागले.

तुझा आजोबा मरतोय. फुप्फुसात होतं ते आता यकृतात उतरलंय, असं इन्व्हरनेसची डॉक्टरीण म्हणाली. चांगली पोरगी आहे, गोल गोल बोलत नाही. नाताळ दिसेल असं वाटत नाही म्हणाली. टॉर्किल म्हणाला, "बरं झालं, ती नाताळची टर्की मला कधीच गिळवली नाही." मग घरी आल्यावर दारात बूट काढताना म्हणाला, "पहिली दोरी हेक्टरची."

यात नवं काही नाही. आपल्याकडे मयताची पेटी खड्ड्यात सोडतात ती आठ दोऱ्यांनी, आठ पुरुष धरतात, आणि डोक्याकडची पहिली दोरी सगळ्यांत जवळच्या पुरुषाची. तुझ्या बापाची टॉर्किलनं धरली होती. बापानं मुलाची धरायची हे उलटं झालं होतं आणि ते त्याला आजवर पचलेलं नाही. तू तेव्हा एवढासा होतास, माझ्या कोटाचं बटण चघळत उभा होतास. आता टॉर्किलची तू धरायची. तू नसलास तर ती त्याच्या पुतण्याकडे, मर्डोकडे जाईल. मर्डो आतापासूनच रोज येतो. काकाची तब्येत विचारतो आणि बिस्किटांचा डबा रिकामा करून जातो. परवा मला म्हणाला, "काकू, मी आहे ना." तेच तर दुखणं आहे म्हटलं.

दुसरी गोष्ट किल्टची. तू तिथे किल्ट घालून उभं राहावंस आणि डोळे मिटायच्या आधी त्याला तो तुझ्या अंगावर दिसावा, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं आहे. तुझा स्वतःचा किल्ट अजून झालेलाच नाही. शाळेच्या नाचाला भाड्याचा आणलास, तोही कुठल्याशा भलत्याच घराण्याच्या चौकड्यांचा. टॉर्किलनं आठवडाभर तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. खालच्या वाटेवरची एफी अजून हातानं शिवते. आठ वार लोकर, आपल्या घराण्याच्या हिरव्या-निळ्या चौकड्यांचं टार्टन, मागे चुण्या, पुढे सपाट, उजव्या कुशीवर दोन बक्कलं. ती म्हणते कंबरेचं, ढुंगणाचं आणि कंबरेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचं माप पाठव. गुडघ्यांवर बसून घ्यायचं. कड जमिनीला नुसती शिवली पाहिजे.

मापं पाठव, नाहीतर स्वतःच ये. स्वतः आलास तर बरं.

आजी


फ्रेझरबर्ग,
१३ सप्टेंबर

आजी,

टाइप करून पाठवतोय, राग मानू नकोस. घरमालकिणीकडे कॉम्प्युटर आहे, त्यावर लवकर होतं.

आजोबांचं वाचलं आणि बंदरावर जाऊन बसलो. बोटीवर काम खूप आहे, इतक्यात निघता येईल असं वाटत नाही.

किल्टसाठी एफीबाईंना त्रास देऊ नकोस. हल्ली नव्या पद्धतीचे मिळतात. ॲबर्डीनच्या दुकानात एक बघून ठेवलाय. गडद राखाडी, हलका, बाजूला खिसे, पुढे टिचबटणं. माझ्या वयाचे सगळे तेच घालतात, लग्नातसुद्धा. वर्षातून एकदा घालायला आठ वार लोकर कशाला? शेवटी तोही किल्टच.

आणि पहिल्या दोरीचं आजोबांना सांग की मर्डोकाका वयानं मोठा आहे. मान त्याचा आधी. मी नंतरच्या नंबराची कुठलीही धरीन, किंवा नुसता उभा राहीन. मला चालेल.

औषधं वेळेवर देत जा त्यांना.

हेक्टर


इन्व्हर्डोरन,
१७ सप्टेंबर

हेक्टर,

पाकीट उघडलं तेव्हा वाटलं सरकारकडून नोटीस आली. खाली नावसुद्धा टाइप केलेलं. स्वतःचं नाव लिहिताना बोटं झिजतात का रे तुझी?

खिसे. किल्टला खिसे. काय ठेवणार त्यात, पाना आणि खिळे? टिचबटणं तान्ह्या पोराच्या झबल्याला लावतात, घाण केली की लवकर उघडावं म्हणून. तुला कसली घाई आहे? आणि राखाडी म्हणे. राखाडी रंग मेंढीला देवानं फुकट दिलाय, त्यासाठी दुकानात कशाला जायचं.

माझ्या मनात काय येतं ते सांगते. तुला आपली लाज वाटायला लागलीय. कुणी पोरगी असेल, तिला तुझ्या आजोबाच्या चौकड्या बघून हसू येत असेल. पोरगी ठेव, माझी ना नाही. पण माणूस मरताना तिच्या आवडीनं कपडे करायचे नसतात.

पत्र मी टॉर्किलला वाचून दाखवलं. खिशांपर्यंत हसला. हसताना खोकला आला तरी हसला. "आत काय, सँडविच?" म्हणाला. मग मर्डोचं वाक्य आलं. मी वाचायला नको होतं, पण मी वाचायला लागले की थांबत नाही. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. रात्री जेवला नाही. त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही, तसाही तो हल्ली चार चमचे लापशी खातो आणि पाचवा कुत्र्याला देतो.

त्यानं हयातभर दुसऱ्यांच्या दोऱ्या धरल्या, नावाडी म्हणून आणि शेजारी म्हणून. आता स्वतःच्या डोक्याशी मर्डो नको म्हणतो, तर फार मागतोय का?

मापं पाठव.

आजी


फ्रेझरबर्ग,
२९ सप्टेंबर

आजी,

मी लाजत नाही. पोरगी नाही. होती, उन्हाळ्यात गेली.

मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. घरमालकिणीनं घेतली, मला गुडघ्यांवर बसवून. ती म्हणाली प्रार्थनेला बसल्यासारखा दिसतोस. एफीबाईंना जुन्याच पद्धतीचा शिवू दे. टार्टन आपलं असू दे, चुण्या घालायच्या तितक्या घालू दे, आठ वार तर आठ वार. फक्त बक्कलं नकोत. त्यांच्या जागी टिचबटणं, नाहीतर ती चिकटपट्टी लावतात ना, तसली काहीतरी. आत लावली तर बाहेरून कोणाला दिसणारही नाहीत. एवढं एकच ऐक आणि का ते विचारू नकोस.

दोरी मर्डोकाकालाच द्या. मी तिथे असेन, मागे उभा राहीन. आजोबांना वाईट वाटेल हे मला कळतं. तुझ्यापेक्षा जास्त कळतं. यावरून आणखी भांडू नकोस आजी, मी फार थकलोय.

हेक्टर


इन्व्हर्डोरन,
३ ऑक्टोबर

हेक्टर,

पेन नको. बक्कल नको. दोरी नको.

कुठला हात? आणि किती उरलाय?

या पत्राचं उत्तर हातानं लिही. जो आहे त्यानं.

आजी


फ्रेझरबर्ग,
१० ऑक्टोबर

आजी,

उजवा. हे डाव्या हातानं लिहितोय, एक पान लिहायला सकाळ गेली, म्हणून थोडक्यात सांगतो.

जूनमध्ये झालं. जाळं वर घेत होतो. विंचच्या फिरत्या रुळावर दोर चढत होता आणि त्यात माझा हातमोजा ओढला गेला. मोजा सोडवायला गेलो. चार बोटं गेली. अंगठा आहे. बोटीवरच्यांनी बर्फात घालून आणली होती पण डॉक्टर म्हणाले उपयोग नाही.

तेव्हापासून बोटीवरचं काम बंद. जाळ्यांच्या शेडमध्ये बसतो, फाटलेली जाळी उलगडून देतो. सांधणं दुसरे करतात, त्याला बोटं लागतात. ती पोरगी, मोना, मला भेटायला दोनदा आली. तिसऱ्यांदा नाही आली. तिला दोष देत नाही.

तुम्हाला कळवलं नाही कारण मला पहिली गाठ आजोबांनी शिकवली. लहान असताना होडीत माझ्या हातून दोर सुटला की ते मला दिवसभर वल्ह्याला हात लावू द्यायचे नाहीत. ओरडायचे नाहीत, नुसते वल्हं आपल्याकडे घ्यायचे. त्यांनी हा हात बघावा आणि मग मरावं, हे मला नको होतं.

आणि दोरी. आजी, डोक्याकडची बाजू सगळ्यांत जड असते. ती माझ्या हातून सुटली तर? सगळं गाव उभं असताना पेटी डोक्यावर पडेल आणि आत ते असतील. मला हेच दिसत राहतं. जेवताना, शेडमध्ये, कधीही. म्हणून मर्डोकाका. दुसरं कारण नाही.

त्यांना सांगू नकोस.

हेक्टर


इन्व्हर्डोरन,
१५ ऑक्टोबर

हेक्टर,

कोंबडी चिखलातून गेल्यासारखं अक्षर आहे, पण वाचलं. दोनदा वाचलं. मी रडले की नाही हे तुला कळायची गरज नाही, कळून तुझं बोट उगवणार नाही.

तुझ्या बोटांबद्दल मी मागे जे लिहिलं ते परत घेता येत नाही. पुढे जाऊ.

एफीकडे गेले. ती चुण्यांना टाके घालत होती, तोंडात टाचण्या. म्हटलं, "उलटा कर. डावीकडे उघडणारा."

टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या तिनं. "इश्बेल, डावीकडे बायकांचे उघडतात."

"कुणाचं काय कुठे उघडतं ते मला माहीत आहे."

"पोराला लोक हसतील."

"हसू देत. दोन बक्कलं डाव्या कुशीवर घे. तो अंगठ्यानं दाबेल आणि डाव्या हातानं पट्टा ओढेल. आतल्या पट्ट्याऐवजी हूक लाव."

"त्यापेक्षा टिचबटणं का नाही लावत? पोर म्हणतंय तर."

"मी जिवंत असताना आमच्या घरातल्या किल्टला टिचबटण लागणार नाही."

मग तिनं विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं. तिनं पुढची सगळी बाजू उसवायला घेतली. एफी कुणाला सांगणार नाही. तिच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, म्हणून तर ती एवढी जाड आहे.

टॉर्किलला सांगितलेलं नाही. पोरानं गुडघ्यांवर बसून माप दिलं एवढंच सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग येणार तर." आणि अख्खं अंडं खाल्लं.

दोरी तुझीच राहील. डाव्या हातानं धर आणि उजव्या कोपराखालून घे. मनगटाला गुंडाळू नकोस, पेटी तुला बरोबर घेऊन जाईल. शेडमध्ये दोरांना काय तोटा आहे, एखादं पोतं बांध आणि सोडून बघ.

लवकर ये. तो आता आडवा झोपू शकत नाही, उशांना टेकून बसूनच डोळे मिटतो. किती तग धरेल माहीत नाही. हाताचं काय करायचं ते इथे आल्यावर बघू. खिशात घाल. बघ, तुझ्या खिशांचा उपयोग सापडला.

आजी


फ्रेझरबर्ग,
१२ नोव्हेंबर

आजी,

शनिवारी तुला न सांगता निघालो. दफनभूमीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलो आणि पहिली बस धरली. घरी सगळे माझी वाट बघत असतील, तू मर्डोकाकाला व्हिस्की ओतत असशील, हे माहीत होतं. तरी गेलो.

तुझं 'लवकर ये' आल्यापासून पिशवी भरून दाराशी ठेवली होती. रोज तिच्यावरून पाय टाकून कामावर जात होतो. आज नको, उद्या निघू. मर्डोकाकाचा फोन आला तेव्हाही ती तिथेच होती. मी पोचलो तेव्हा आजोबा पेटीत होते. त्यांनी मला किल्टमध्ये बघितलं नाही. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

तू पलंगावर किल्ट काढून ठेवला होतास. घातला मी तो. बक्कलं लागली. डाव्या हातानं, एकट्यानं, कुणाला हाक न मारता. चांगला शिवलाय. मग आरशात बघितलं आणि काढून ठेवला. हात एक वेळ दाखवेन, पण बायकांच्या बाजूनं उघडणारा किल्ट घालून त्या सगळ्यांच्या मधे उभं राहायचं, ते मला जमलं नाही. पिशवीत तो राखाडी होता, तो घातला.

तरी मर्डोकाका बोललाच. "पोर तंबू नेसून आलंय." दोघेतिघे हसले. मग मी दोरी घ्यायला हात पुढे केला आणि त्यांना तो दिसला. सगळे गप्प झाले. हसत होते ते बरं होतं.

पुढचं तू बघितलंस. तू सांगितलंस तसंच धरलं होतं. शेडमध्ये पोती सोडून बघितली होती, जमत होतं. पण पोतं कोरडं होतं आणि त्या दिवशी दोरी भिजलेली होती. अर्ध्यावर गेली हातातून. डोकं खाली गेलं आणि खड्ड्याच्या कडेला लागलं. पेटीवाल्या फार्करनं झेप घेऊन दोरी पकडली, नाहीतर पुरती पडली असती. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

जे होईल असं मी तुला लिहिलं होतं, तेच अगदी तसंच झालं. तू का ऐकलं नाहीस?

आणि एक सांग. आजोबांना शेवटी काय सांगितलं होतंस? मी धडधाकट आहे असंच समजून गेले का ते? तेवढं असेल तर बरं.

हेक्टर


इन्व्हर्डोरन,
१७ नोव्हेंबर

हेक्टर,

विचारलंस म्हणून सांगते. न विचारतास तर सांगितलं नसतं.

एफीनं किल्ट आणून दिला तेव्हा टॉर्किल शुद्धीत होता. तू येत नाहीस तर निदान किल्ट बघू दे त्याला, म्हणून मी तो दारामागच्या खुंटीला टांगला. मला वाटलं आता त्याला नुसतं हिरवं आणि निळं दिसेल. डोळे निम्मे मिटलेले माणसाचे. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एफीनं जन्मात कधी बाजू चुकवली नाही. पोराच्या उजव्या हाताला काय झालंय?"

खोटं काही सुचायच्या आत त्यानं माझ्या तोंडावरून ओळखलं.

"बोटं?"

"अंगठा आहे," म्हटलं.

"विंच?"

"विंच."

"दुखतं का अजून?"

"लिहिलं नाही त्यानं."

पाणी मागितलं, प्यायला नाही. म्हणाला, "म्हणून येत नाही तो." तुझ्यावर रागावला नव्हता, ते माझ्याकडून लिहून घे. थोड्या वेळानं म्हणाला, "दोरी मर्डोला दे, इश्बेल. पोराला सगळ्यांच्या समोर उभा करू नकोस."

मी म्हटलं, "देते." त्यानं माझा हात दाबला. त्यानंतर तो शहाण्यासारखं काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

मी दिली नाही. फार्कर कोणती दोरी कुणाची ते कार्डांवर लिहायला आला, तेव्हा पहिल्यावर तुझं नाव घालायला लावलं. तो मरणाऱ्या तोंडानं सांगत होता, तू डाव्या हातानं लिहून सांगत होतास. तुम्ही दोघं एकच म्हणत होतात आणि दोघांचंही बरोबर होतं. तेव्हा पेटी आपटली ती तुझ्यामुळे नाही, दोरीमुळे नाही, पावसामुळेही नाही. मी आपटवली. भिंतीपाशी बायकांत उभी होते. तो आवाज मलाही आला, आणि मला तर काही ऐकू येत नाही.

माफी मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर तुझंच नाव घालीन. माणूस एकदा मागे जाऊन उभा राहिला की मर्डोसारखे लोक त्याच्यासाठी तिथेच खुर्ची आणून ठेवतात, आणि बसायला सांगतात, तेही प्रेमानं. तुझ्याकडून दोरी सुटली हे सगळ्यांनी बघितलं. तू धरली होतीस हेही सगळ्यांनी बघितलं.

मर्डोला व्हिस्की ओतली नाही. त्याला म्हटलं, तंबूत जाऊन पी. तो अजून फुगलेला आहे, बिस्किटं टिकतायत.

किल्ट परत खुंटीला टांगलाय. एफी म्हणते उसवून उजवीकडे करून देईन, बक्कलं लावायला कुणीतरी भेटेल त्याला. नाहीतर आहे तसा डावीकडेच ठेव. नाहीतर तुझा तो राखाडी घाल, तंबूसारखा दिसतोच तो, मर्डो मूर्ख असला तरी आंधळा नाही. या खेपेला मी सांगत नाही. एकदा सांगून बघितलं, काय झालं ते तू बघितलंस. तू ठरव आणि एफीला कळव. मला नको कळवूस, मी लगेच मत देईन.

आता शेवटचं. फार्कर समोर बसलेलाच होता आणि पेन उघडं होतं, म्हणून माझीही कार्डं लिहून घेतली. त्याला आवडलं नाही, पण त्यानं लिहिली. डोक्याकडची तुझी. पायाकडची मर्डोला दिली, तेवढा मान त्याला पुरे. घाई नाही. डॉक्टरीण म्हणते माझं काळीज घोड्याचं आहे. तोवर ओल्या दोरीची सवय कर, कोरड्या पोत्यांनी काही होत नाही.

सुटली तर सुटली. मला काही लागणार नाही.

आजी